आत माणूस आहे

टाचणीबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. तिच्या ओठांत कायम चार-सहा टाचण्या धरलेल्या असत, त्यामुळे सगळ्या जगाशी ती दातांच्या फटीतून बोले. कुणाची पँट किती आखूड करायची, कुणाच्या कोटाचं अस्तर कुठे फाटलंय, पोट आत ओढून माप देणाऱ्याला श्वास सोडायला सांगायचं, हे सगळं टाचण्या न पाडता. टाचण्या काढून, तोंड मोकळं करून ती दोनच प्रसंगी बोलायची. एक भांडताना, आणि दुसरं देवाशी.

दुकान कपडे दुरुस्तीचं होतं. नवं काही ती शिवत नसे. नवे कपडे शिवणारे पुष्कळ आहेत, ती म्हणायची, पण माणसं नंतर जाड होतात, बारीक होतात, त्यांच्याकडे कुणी बघायचं? खिडकीशी तिचं मशीन, मधे कपड्यांचा दांडा, भिंतीलगत इस्त्रीचं टेबल, आणि अगदी मागे ट्रायल रूम. रूम म्हणायचं आपलं. कोपरं आवळून एक माणूस जेमतेम उभा राहील एवढी जागा, समोर आरसा, बाजूला खुंटी, एक लाकडी स्टूल आणि जाड निळा पडदा.

इस्त्रीच्या टेबलाशी तिचा नवरा उभा असायचा. जन्मभर त्याने बस चालवली होती, म्हणून निवृत्त होऊनही तो सगळ्यांचा ड्रायव्हरच राहिला. इस्त्रीसुद्धा तो बस चालवावी तशीच चालवी. कॉलरच्या वळणावर वेग कमी, सरळ बाहीवर जरा मोकळा, आणि मधे कुणी काही विचारलं तर आधी इस्त्री उभी करणार, मग उत्तर देणार.

तर ही ट्रायल रूम म्हणजे टाचणीबाईची प्रार्थनेची खोली होती.

झालं होतं असं, की त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती. जावई भला, नोकरी बरी, घर दोन गल्ल्या सोडून. पण मूल काही होत नव्हतं. दिवस राहायचे, पण टिकायचे नाहीत. दोनदा सगळ्यांनी आनंद केला आणि दोनदा सगळे गप्प झाले. दुसऱ्या वेळेनंतर लेक आईच्या दुकानात आली, काहीच न बोलता दिवसभर बटणांच्या डब्यातली बटणं रंगाप्रमाणे वेगळी करत बसली, आणि संध्याकाळी निघून गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक ओसरल्यावर टाचणीबाईने तोंडातल्या टाचण्या टाचण्यांच्या छोट्या उशीला टोचल्या, ट्रायल रूममध्ये गेली आणि पडदा ओढून घेतला. प्रार्थना करायची तर खोलीत जाऊन दार लावून घ्यावं, असं बायबलात प्रभूने सांगितलं आहे. आपल्या खोलीला दारच नाही, तर पडद्यावर भागवून घेईल तो, असं तिने नवऱ्याला बजावलं.

तेव्हापासून रोज दुपारी ती आत जायची. सुरुवातीला नुसती रडायची. मग बोलायला लागली, आणि एकदा बोलायला लागल्यावर तिला काही धरबंध राहिला नाही. कोणत्या गिऱ्हाइकाने मापावरून हुज्जत घातली, गुडघा कसा दुखतो, ड्रायव्हर झोपेत कसा घोरतो आणि घोरतानाही हॉर्न वाजवल्यासारखा आवाज कसा काढतो, सगळं ती सांगायची. मधेच स्वतःशी हसायची. कधी पाच-दहा मिनिटं काहीच बोलायची नाही, आणि ते काही न बोलणंही बाहेर ड्रायव्हरला ओळखू यायचं. लेकीचं मागणं शेवटी, तेही थोडक्यात. ते तर तुला माहीतच आहे, म्हणायची.

इतक्यात कुणी कपडे घालून बघायला आलंच, तर ड्रायव्हर इस्त्री उभी करून सांगायचा, "जरा बसा. आत माणूस आहे."

एक आहे की दोन, ते तो सांगत नसे.

आमेन म्हणून झाल्यावर उठताना ती आणखी एक वाक्य म्हणायची. "येते हं, बापा." ड्रायव्हरला त्याची मोठी गंमत वाटे. देवाचा निरोप घेऊन निघणारी बाई त्याने बसमध्येही पाहिली नव्हती. तिचं म्हणणं सरळ होतं. वडीलधाऱ्या माणसापुढून उठताना कुणी 'जाते' म्हणतं का? 'येते' म्हणायचं असतं. त्यावर एकदा त्याने विचारलं होतं, की मग तो काय म्हणतो?

"'ये' म्हणतो. दुसरं काय म्हणणार?" ती म्हणाली आणि टाचण्या तोंडात धरल्या.

अशी कितीतरी वर्षं गेली. मग एका सकाळी दुकान उघडत असतानाच दवाखान्यातून जावयाचा फोन आला. मुलगी झाली होती. जरा लवकर आली, अंगाने लहान आहे, पण रडते अशी की नर्सने कानावर हात ठेवले. टाचणीबाईच्या एका पायात दुकानात घालायची चप्पल आणि दुसऱ्यात बाहेरचा बूट, तशीच ती मागे धावली, पडदा अर्धा बाजूला केला, आत पाऊलही टाकलं नाही.

"बापा, झाली! पोचली! आत्ता थांबत नाही, बघून येते हं!"

आणि गेली ती गेलीच.

आता कुणाला वाटेल, बाई कृतघ्न निघाली. तसं मुळीच नव्हतं. पुढच्या रविवारी चर्चमध्ये तिने सगळ्या मंडळीसमोर उभं राहून देवाने काय दिलं त्याची साक्ष दिली, पाळकांचेही डोळे भरून आले. चर्चमध्ये बाळ देवाच्या हाती सोपवतात त्या समर्पणाच्या दिवशी तिने पांढरा फ्रॉक शिवला, आयुष्यात नवं न शिवण्याचा नेम मोडून. उपकार मानण्यात तिने काडीची कसर ठेवली नाही. पण लेकीची रजा संपली, ती कामावर जायला लागली, आणि बाळ दिवसभर दुकानात राहायला आलं. बाळाची ढकलगाडी ठेवायची कुठे? दुकानात एकच जागा मोकळी होती. ढकलगाडीमागून लंगोटांचं गाठोडं गेलं, त्यावर दुलई, त्यावर पिवळं रबरी बदक. गिऱ्हाइकांना आता कपडे बदलायला दांड्यामागे उभं राहावं लागे, आणि ड्रायव्हर त्यांच्यासमोर चादर धरून शहाण्यासारखा दुसरीकडे बघत राही. आजीने ज्या जागेत बसून नात मागितली, ती जागा नातीनेच भरून टाकली, आणि त्यात कुणालाच काही वावगं दिसलं नाही.

नातीला ती बटण म्हणायची. कारण एक तर ती तशी गोल होती, आणि दुसरं, आजीला कायम अडकलेली असायची. टाचणीबाईचं सगळं चित्त तिथे. रविवारी उपासनेत गीत सुरू झालं तरी हिची नजर बटणाच्या मोज्यावर. घरी झोपण्याआधी हात जोडायची, पण आमेनपर्यंत पोचायच्या आत डोळे मिटायचे. आपण काही चुकवतोय असं तिला वाटलंच नाही. वाटायला वेळही नव्हता. बटणाला दात आले, मग पाय फुटले, मग ती बोलायला लागली, आणि लागली ती थांबेचना.

इथे आणखी एका बाईची ओळख करून द्यायला हवी, कारण तिच्याशिवाय ही गोष्ट पुढे जाणार नाही. दुकानाचं एक गिऱ्हाईक होतं, तिला टाचणीबाईने नाव ठेवलं होतं अर्जंटबाई. ही बाई दुकानात यायची ती धापा टाकत, हातात पिशवी पुढे करून. चेन तुटली, आत्ताच्या आत्ता हवी. दुमड उसवली, उभ्या उभ्या घाला. काम झालं की अशी पळायची की आभारही अर्धवट राहायचे. आणि तीच बाई बाजारात समोरून आली, तर टाचणीबाईला ओळखतही नसे, भिंतीवरची पाटी बघितल्यासारखी बघून पुढे. टाचणीबाईचा तिच्यावर भारी राग. चेन असेल तेव्हाच मी दिसते काय हिला, असं ती दर वेळी ड्रायव्हरला ऐकवायची, आणि ड्रायव्हर दर वेळी पहिल्यांदाच ऐकतोय असं दाखवायचा.

एके संध्याकाळी लेक बटणाला न्यायला आली, पण कोट न काढताच इस्त्रीच्या टेबलाशी बसली. बटण तिच्या मांडीवर चढली तरी तिचं लक्ष नव्हतं. मग एकदम सगळं सांगून टाकलं. नवऱ्याची बदली झाली आहे. लांब, रात्रभर प्रवास करावा लागेल इतकं लांब. महिना संपायच्या आत जायचं आहे. पगार वाढेल, घर मोठं मिळेल, नाही म्हणायची सोय नाही.

"आई, तू काही बोलत का नाहीस?"

टाचणीबाईच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने एकेक करून त्या काढल्या, एकेक करून उशीला टोचल्या. मग बटणाचे बूट शोधायला टेबलाखाली वाकली.

लेक आणि नात गेल्यावर तिचे पाय आपोआप मागे वळले. पडद्याला हात घातला, ओढला, आणि ती तिथेच थबकली. ढकलगाडी, गाठोडं, दुलई, आणि सगळ्यांच्या वर ते बदक, तिच्याकडे बघत. स्टूल कुठे आहे तेही दिसत नव्हतं. खुंटीवर बटणाचं जुनं टोपडं लटकत होतं, आता तिच्या डोक्याला न होणारं. मधल्या या सगळ्या दिवसांत आपण एकदाही इथे आलो नाही, हे तिला तेव्हा कळलं. बघून येते हं, असं सांगून गेले होते मी. तोंडाने सांगून गेले होते.

आता आले आहे, कारण बदली झाली.

आरशात तिला स्वतःचा चेहरा दिसला. घामेजलेला, घाईचा, काहीतरी आत्ताच्या आत्ता मागणारा. असा चेहरा तिने पुष्कळदा पाहिला होता, दुकानाच्या दारात, पिशवीच्या मागे. तिने वरचं बदक उचललं आणि पडदा सोडून दिला.

बाहेर ड्रायव्हर इस्त्री उभी करून बघत होता. तिने हातातलं बदक पुढे केलं आणि म्हणाली, हे आणायला गेले होते.

त्या रात्री ती ताटातला भात नुसता चिवडत बसली. नात दूर चालली हे दुःख तर होतंच, पण त्याच्या खाली दुसरंच काहीतरी टोचत होतं, आणि ते तिने शेवटी बोलून दाखवलं. इतकी वर्षं रोज भेटत होतो, ती म्हणाली. मला तेव्हा वाटायचं मी मुलासाठीच जाते आत. आता आठवतं, मूल तर मी शेवटी मागायची. बाकीचा सगळा वेळ नुसतं बोलणं व्हायचं. मला बरं वाटायचं. आणि मी सोडून आले, आणि मला कळलंही नाही की काय सोडलं. आता गेले तर तो काय समजेल?

"अहो, कोणत्या तोंडाने जाऊ मी?"

ड्रायव्हरला उत्तर द्यायला नेहमी दोन स्टॉप तरी लागत. तो पाणी प्यायला, मग त्याने पेला ठेवला.

"तुला एकच तोंड आहे," तो म्हणाला. "त्यानेच जा."

तुम्हाला थट्टाच सुचते, म्हणून ती उठली. थट्टा नव्हती ती, पण ते सांगायला त्याला आणखी एक स्टॉप हवा होता, आणि तोवर ती भांडी घासायला लागली होती. तरी त्याने मोरीच्या दाराशी जाऊन सांगितलंच. 'आत माणूस आहे' असं म्हटल्याला मला किती दिवस झाले, तो म्हणाला. चादर धरून धरून खांदे दुखतात माझे. आणि दुपारी दुकान फार शांत वाटतं.

तिने ऐकलं, पण गेली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. दुपार झाली की मुद्दाम जास्तीचं काम काढायची. ज्याच्याकडे इतके दिवस फिरकलो नाही त्याच्याकडे गरज पडली म्हणून जायचं, याची तिला लाज वाटत होती. आणि लाज वाटते म्हणून जायचं नाही, तर आणखी एक दिवस वाढत होता. बदलीचं काय होईल ते होवो, पण हे असंच राहिलं तर आपण देवाला कायमचे परके होऊ, अशी भीती तिला वाटायला लागली. असा दुरावा वाढत जाऊन माणसं तुटलेली तिने पाहिली होती. भांडण काहीच झालेलं नसतं, नुसतं जाणं-येणं राहून जातं.

मग एका संध्याकाळी लेक नेहमीसारखी आली. बटणाने बूट घातले, उलटे, आणि दाराशी उभी राहून हात हलवला.

"आजी, जाते!"

टाचणीबाई एका स्कर्टला धावदोरा घालत होती. मान वर न करताच तिने नातीला दुरुस्त केलं. जाते नाही म्हणायचं गं, येते म्हणायचं.

"का?"

कारण येते म्हणणारा परत येतो, आजी म्हणाली. आपण 'येते' म्हणायचं, मग समोरचा 'ये' म्हणतो.

बटणाने विचार केला. तिचा विचार चालू असला की ती एक पाय दुसऱ्या पायावर ठेवायची, आणि तोल जायच्या आत विचार संपवायची.

"आणि येते म्हणून नाई आलं तर?"

"तर समोरचा वाट बघत बसतो," टाचणीबाई म्हणाली.

सुई कापडात अर्धी गेली होती, ती तिथेच राहिली. आपण काय बोललो हे तिच्या कानांनी तिला परत ऐकवलं. इतके दिवस ती एवढाच विचार करत होती, की तो रागावला असेल, आपल्याला मतलबी म्हणत असेल, पाठ फिरवून बसला असेल. वाट बघत बसला असेल, हे तिच्या मनातच आलं नव्हतं. त्या एवढ्याशा जागेत, ढकलगाडीच्या आणि लंगोटांच्या गाठोड्यामागे, कोपरं आवळून.

"आजी, येते!" बटण ओरडली.

"ये, बाळा," ती म्हणाली आणि स्कर्ट बाजूला ठेवून उठली.

त्या दोघी वळणापर्यंतही पोचल्या नसतील, टाचणीबाईने पडदा बाजूला केला. ढकलगाडी बाहेर ओढली, तिचं एक चाक नेहमीसारखं अडकलं, त्याला लाथ मारली. गाठोडं बाहेर, दुलई बाहेर. बदक ड्रायव्हरच्या हातात. ड्रायव्हरने एका हातात बदक आणि एका हातात इस्त्री धरून सगळं पाहिलं आणि शहाण्या माणसासारखा एक शब्दही विचारला नाही. स्टूल सापडलं. तिने ते ओढणीने पुसलं, बसली, पडदा ओढला.

"आ‍ले," ती म्हणाली.

शब्द दातांच्या फटीतून आला. टाचण्या तोंडातच होत्या. तिने घाईघाईने काढल्या आणि टोचायला काही नव्हतं म्हणून मुठीत धरल्या.

"आले मी, बापा."

पूर्वी दारातूनच बोलणं सुरू व्हायचं. बाहेर इस्त्रीची वाफ फुसकन सुटली. तिने सांगायला सुरुवात केली, मग थांबली, मग पुन्हा सुरुवात केली. "बघून येते म्हणाले होते, आणि तिथेच बसले बघत. तू दिलंस ना, म्हणून. इतकं गोड दिलंस की..." तिला रडू आलं. "मी तिला घेऊन इथे यायला हवं होतं रे. तुला दाखवायला. एकदाही आणली नाही. तिची गाडी ठेवली इथे, आणि तिला नाही आणलं."

तेवढ्यात दुकानाची घंटी वाजली आणि धापा टाकत कुणीतरी आत आलं. आवाजावरून ओळखू आलंच. अर्जंटबाई. तिला कोट घालून बघायचा होता, आत्ताच, एका मिनिटात.

इस्त्री उभी केल्याचा ठक् असा आवाज झाला.

"जरा बसा," ड्रायव्हर म्हणाला. "आत माणूस आहे."

त्या आवाजात असा काही तोरा होता की जणू बस वेळेवर सुटली. आत स्टूलवर बसलेल्या टाचणीबाईने हे वाक्य इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नीट ऐकलं, आणि तिला हसू फुटलं. रडता रडता हसू. तिने ओढणी तोंडावर दाबून धरली. अर्जंटबाई म्हणत होती की मला फार घाई आहे, आणि ड्रायव्हर म्हणत होता की आतल्या माणसालाही फार दिवसांनी वेळ मिळाला आहे.

मग तिचं तोंड सुटलं. गुडघ्यापासून सुरुवात झाली. बटणाचे दात, बटणाचे उलटे बूट, ड्रायव्हरचे खांदे, मागच्या महिन्यात बिघडलेलं मशीन. शेवटी ती बदलीपाशी आली.

"आता तुझ्यापासून काय लपवायचं. मी पण पिशवी घेऊनच आलेय, त्या बाहेरच्या बाईसारखी. तिला दूर नको नेऊस. इथेच राहू दे." तिने डोळे पुसले. "पण एक सांगते. तू हे दे, नाहीतर नको देऊस. मी उद्या येते."

आमेन म्हटलं. उठताना म्हणाली, "येते हं, बापा," आणि या वेळी एकेक शब्द मोजून म्हणाली.

बाहेर अर्जंटबाई कोट छातीशी धरून बसली होती. टाचणीबाईचे लाल डोळे बघून तिला काय वाटलं कोण जाणे, घाईचं काही बोलली नाही. टाचणीबाईने कोट घेतला आणि तोंडात टाचण्या धरायच्या आधी, काही कारण नसताना, बाकी कसं काय, असं विचारलं. असं अर्जंटबाईला त्या दुकानात कधीच कुणी विचारलं नव्हतं. बाई बोलायला लागली. तिची आई अंथरुणाला खिळलेली होती, शेजारीण तासाभरासाठी बसायची, त्या तासात सगळं उरकून पळावं लागायचं. ती इतकं बोलली की कोट तिथेच विसरून गेली, आणि दुसऱ्या दिवशी त्यासाठी पुन्हा धापा टाकत आली.

बदली काही रद्द झाली नाही. टाचणीबाई रोज दुपारी आत जात होती, रोज ते मागणं सांगत होती. एक दिवस बटणाला कडेवर घेऊन गेली आणि कुणाला तरी दाखवावी तशी तिला पुढे धरली. बटणाने आरशात जीभ काढून दाखवली. जाण्याचा दिवस जवळ येत गेला तसं मागणं छोटं होत गेलं. 'राहू दे'पासून 'जपून ने'पर्यंत आलं. काही दिवस ती आत जाऊन देवाशी भांडली, टाचण्या काढून, अगदी मनापासून. ड्रायव्हरला बाहेर ऐकू जायचं. त्याला त्यात काळजीचं काही वाटलं नाही. बोलणं चालू आहे ना, तो म्हणे.

सामानाची गाडी सकाळीच पुढे गेली. लेक, जावई आणि बटण दुकानाशी येऊन निरोप घेणार होते. ढकलगाडीची आता गरज नव्हती, तरी बटणाला तीच हवी होती, म्हणून तीही घडी करून मोटारीत कोंबली. लेक आईच्या गळ्यात पडली आणि बराच वेळ सोडेना. जावयाने सासऱ्याला रस्ता विचारला, रस्ता त्याला पाठ होता तरी, आणि ड्रायव्हरने तो प्रत्येक वळणासकट सांगितला. बटण मोटारीच्या खिडकीतून अर्धी बाहेर आली. बदक तिच्या काखेत होतं.

"आजी, येते!"

टाचणीबाईच्या ओठांत एकही टाचणी नव्हती.

"ये," ती म्हणाली. "ये हं, माझ्या बटणा."

मोटार वळणापलीकडे गेली. हात हलवणं थांबवावं की नाही, हे त्या दोघांनाही कळेना. ड्रायव्हर म्हणाला, आज दुकान बंद ठेवू, घरी जाऊ, मी चहा करतो. ती नको म्हणाली. मशीनवर पांघरलेलं कापड तिने काढलं, दोरा ओवला, पण मशीन चालवलं नाही. दुकानात आता उडी मारून कुणी अडवत नव्हतं, बटणांचा डबा कुणी उपडा करत नव्हतं. ती उठली आणि मागे गेली.

ट्रायल रूम पूर्वीसारखी झाली होती. आरसा, खुंटी, स्टूल. तिने पडदा ओढून घेतला आणि बसली. नातीसाठी सांगायचं ते सगळं सांगून झालं होतं. मागायला आता तिच्याकडे खरंच काही नव्हतं. हात दोन्ही मोकळे, मांडीवर उघडे पडलेले. बाहेर कुणीतरी गिऱ्हाईक आलं. ड्रायव्हरने इस्त्री उभी केली आणि नेहमीचं वाक्य सांगितलं, आज जरा हळू आवाजात.

एखाद्या घरी असं अवेळी गेलं की घरातलं वडील माणूस आधी विचारतंच, काय गं, काय काम काढलंस? टाचणीबाईला वाटलं, तोही विचारत असेल.

"काही नाही, बापा," ती म्हणाली. "सहज आले."